आईनं मंजूर केलेला राजीनामा

६ मार्च

झालं. विधानसभेत विधेयक पास झालं. साहू सरांचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात होते. वर्गात फोन घ्यायचा नाही हा नियम मीच भिंतीवर लावलाय, आणि मीच उचलला. "मैडम, हो गया! अब चिट्ठी से कोई सदस्य नहीं बनेगा." सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात, आज रजा टाकून रायपूरला गेले होते. मुलं माझ्याकडे बघत राहिली. मी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले.

आजवर राज्य मार्ग आयोगाचा सदस्य म्हणजे मंत्र्यांच्या मर्जीतला माणूस. एक चिठ्ठी, एक हार, झाली नेमणूक. आता निवड समिती बसणार, इच्छुकांची नावं जाहीर होणार, कुणालाही हरकत घेता येणार. आणि आमचं कलम: रस्त्याच्या कामावरून ज्याच्यावर दावा चालू आहे त्याला सदस्य होता येणार नाही. आमचं म्हणते, कारण ते सरांनी आणि मी चकरा मारून मारून घालायला लावलं. चपला झिजल्या हे लोक नुसतं म्हणतात. माझ्या खरंच झिजल्या.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग उठला का तो खुर्चीवरून?"

"अजून नाही. जूनमध्ये त्याची मुदत संपते. मग त्याला परत अर्ज करावा लागेल, आणि तुझा दावा आहे तोवर करता येणार नाही."

"म्हंजे उठन."

"उठेल."

आई ओसरीवरच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. "ऐकलं का पमू? उठन तो."

मला आता सवय झालीय. म्हणजे, सवय झालीय असं लिहिते.

९ मार्च

कुम्हारीला साहू सरांच्या घरी सत्यनारायण. बसनं गेले. मध्ये तो कट लागतो.

दुभाजकात फोडलेली वाट म्हणजे कट. या हायवेवर ज्याला त्याला आपल्या दारासमोर कट हवा असतो. हा मिळाला तो स.च्या मेहुण्याच्या पेट्रोल पंपासमोर. इंजिनिअरनं नको म्हटलं होतं. स. आयोगाचा सदस्य, त्यानं शिफारस केली, कट झाला. ना दिवा, ना पाटी. दादा, आईचा पमू, कुम्हारीच्या कारखान्यातून मोटरसायकलवर घरी येत होता आणि ट्रक त्या कटातून आडवा वळला. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीत. दादानं लग्न केलं नव्हतं, म्हणून दावा आईच्या नावानं आहे: आयोगावर, आणि नाव घेऊन स.वर.

त्याचं नाव या वहीत लिहायचं नाही असं मी ठरवलंय. सदस्याचा स. पुरे.

कट आला की मी डोळे मिटते. आज मिटले नाहीत. दुभाजकावर एक माणूस उभा होता, हातात हेल्मेट. रस्ता ओलांडायला थांबला असेल कुणी. मागे वळून बघितलं नाही.

प्रसाद छान होता. तीन वेळा घेतला.

१८ मार्च

आई म्हणते दादा रोज येतो. संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, ओसरीवर. बूट काढत नाही.

"मी म्हणते काढ न बूट, आत ये. तर म्हणते, तो उठला का थे सांग पह्यले."

"कसा दिसतो?"

"थकलेला दिसते."

मी चिडले. पुरे कर म्हटलं, लोक काय म्हणतील, डॉक्टरकडे नेते तुला. आई त्या रात्री पाखरासारखं जेवली.

खरं कारण लिहून टाकते. मला हेवा वाटला. कलमासाठी विधानसभेच्या समितीसमोर दोन-दोन तास भांडले मी, आणि तो येतो आईकडे. मला साधी हाक मारत नाही.

४ एप्रिल

बोर्डाचे पेपर तपासायला दुर्गला. हिंदीचे निबंध. 'मेरा प्रिय नेता' यावर दिवसभर. डोकं भणभणलं.

घरी आले तर आई तेल-फणी करून बसलेली. किती दिवसांनी.

"आपल्या वकिलाचा फोन आला होता. तो राजीनामा द्याले तयार हाय."

"कोण?"

"तोच. अजून कोन?"

मी चप्पल न काढता बसले. "स्वतःहून?"

"हाव. पुढच्या शनिवारी. सगळ्यांसमोर, म्हणे. मले बी बलावलं, वकील गाडी पाठवून राहिला."

कायद्याला घाबरला! हरकती, नावं जाहीर, पेपरात फोटो, त्यापेक्षा आधीच मानानं सुटका. वकिलांना दोनदा फोन केला, उचलला नाही. ते कधी उचलतात? साहू सरांना कळवलं, "सर, वो इस्तीफ़ा दे रहे हैं."

सर म्हणाले, "वो? मैडम, वो तो कुर्सी समेत उठेंगे."

खूप हसलो आम्ही. शनिवारी मला तपासणीला जावंच लागेल, नाहीतर मी पुढच्या रांगेत बसले असते.

१२ एप्रिल, शनिवार

दुपारी आले तर आई परत आलेली. पेढे आणलेले. पेढा माझ्या तोंडात घालूनच बोलायला लागली.

"मोठा हॉल होता वो. लय गर्दी. जजसाहेब चांगले, मले खुर्ची देल्ली. तो बी आला होता. हात जोडले त्यानं मले. वाकून. मंग जजसाहेबानं इचारलं, अम्मा, राजीनामा मंज़ूर है? मी म्हणलं, मंजूर. अन सही केली."

"तू सही कशाला केली?"

"मंजूर हाय म्हून."

खुर्ची सोडणाऱ्या माणसाला माझ्या आईची मंजुरी कशाला? जजसाहेब कशाला? पेढा तोंडातच होता आणि शब्द उलटा झाला.

आमच्या घरात, पुलगावपासून नागपूरपर्यंत सगळ्या नातेवाइकांत, राजीनामा म्हणजे खुर्ची सोडणं. इथल्या कोर्टात राजीनामा म्हणजे राज़ी होणं. दोन्ही बाजू राजी, समझोता झाला, दावा संपला. खुर्ची सोडण्याला इथं इस्तीफ़ा म्हणतात. आईची हिंदी भाजीची, बसची, दवाखान्याची. हा शब्द तिला हिंदीत कधी भेटलाच नाही. वकील हिंदीत म्हणाला, तिनं मराठीत ऐकला. तिनं मला मराठीत सांगितला, मी मराठीत ऐकला. आणि वर मी तो साहू सरांसाठी इस्तीफ़ा करून दिला. मी. हिंदीची बाई.

दावा नाही. म्हणजे स.ला अर्ज करायला अडचण नाही. आमचं कलम नसतं तर तो या म्हातारीकडे फिरकलासुद्धा नसता. आमच्या कलमामुळे त्याला ती हवी होती. म्हणून वाकला.

"पेढा कसा हाय?" आई.

चांगला आहे म्हटलं.

१३ एप्रिल

वकिलांच्या घरी गेले, रविवार असूनही. भांडायला गेले होते. त्यांनी लिंबूपाणी दिलं.

"मैंने माताजी से बार-बार पूछा, राजीनामा करना है ना? वो तो इतनी ख़ुश थीं. मुझे लगा, घर में आप लोगों की बात हो गई है."

चेहऱ्यावर खोट नव्हती. असती तर बरं झालं असतं. घरं थकतात, म्हणाले, दोन-दोन वर्षांनी सगळेच राजीनामा करतात. मी म्हटलं, आम्ही थकलो नव्हतो.

"लोक अदालत का फ़ैसला है मैडम. इसकी अपील नहीं होती."

समझोत्याची रक्कम आईच्या खात्यात येईल म्हणाले. मी म्हटलं, ठेवा तुमच्याकडेच, आणि उठले. लिंबूपाणी अर्धं राहिलं.

१९ एप्रिल

आई झोपते. जेवते. कुंडीतला मोगरा कापून खत घातलं. दोन वर्षांत तिनं त्या कुंडीकडे बघितलं नव्हतं.

"पमू येत नाही आता," म्हणाली. "त्या दिवसापासून नाही आला. समाधान झालं त्याचं."

रडली नाही सांगताना. देवळात जाऊन आल्यासारखा चेहरा. मला मात्र तिच्यासमोर बसवेना.

भाजीवालीलाही सांगितलं तिनं, आपल्या हिंदीत: "वो राजीनामा दे दिया." भाजीवालीनं इथला अर्थ घेतला, बरं केलंस म्हणाली, भांडणात काय ठेवलंय: "बने करे दाई, झगरा म का रखे हे." आई कोथिंबीर घेऊन आत आली, खूश. "भाजीवाली बी म्हणते, बरं झालं."

दोघीही एकमेकींशी किती समाधानानं बोलल्या. मी दाराआड उभी होते, हसू की रडू कळेना.

२२ एप्रिल

आज तो माझ्याकडे आला.

दुपार. आई आत झोपलेली, बाहेर ऊन नुसतं रटरटत होतं. मी ओसरीवर कैऱ्या किसत होते. आधी बूट दिसले, पायरीवर. कारखान्याचे, पुढून कडक असतात ते. वर बघायला धीर होईना. किसणी चालू ठेवली.

आईला तो विचारायचा. मला त्यानं काही विचारलं नाही. मला माहीतच आहे ना.

"सांगते मी तिला," मी मोठ्यानं म्हटलं. "सांगणार आहे."

मान वर केली तेव्हा पायरी रिकामी. पायरीवर धूळही नव्हती. तरी फडक्यानं पुसली. लोणच्याला मीठ दोनदा घातलं गेलंय बहुतेक.

२ मे

इच्छुकांची नावं जाहीर झाली. स.चं नाव आहे. साहू सर पेपर घेऊन स्वतः आले, मोटरसायकलवर, या उन्हात कुम्हारीहून.

ओसरीवर हळू आवाजात हरकत घेण्याचं बोललो. "आपत्ति लगाइए मैडम. हमारा ही बनाया रास्ता है. बस, माताजी को बोलना पड़ेगा कि वो समझी नहीं थीं."

"त्यासाठी आधी तिला सांगावं लागेल." मी मराठीतच बोलले, सरांना कळतं.

"तो बताइए ना."

बताइए ना. काय सांगू? की त्यानं हात जोडले ते पमूसाठी नाही, खुर्चीसाठी. की तू भरल्या हॉलमध्ये आपल्या तोंडानं मंजूर म्हणालीस. की पमू ज्या गोष्टीनं शांत झाला ती झालेलीच नाही. आणि मग ती कुंडी? मग झोप?

आतून आईचा आवाज, "सरांले पन्हं दे वो."

सरांनी पन्हं संपवलं, ग्लास खाली ठेवला, आणि घरच्या बोलीत म्हणाले, "हमर दाई होतिस त महूं नइ बता सकतेंव." आपली आई असती तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

५ मे

हरकत माझ्या नावानं टाकली. समितीकडून निरोप: दावा करणारी व्यक्ती समक्ष हवी.

"रायपूरले? कायले?" आईनं विचारलं.

"त्या जागेवर कोण बसणार ते ठरणार आहे."

खोटं नाही बोलले. खरंही नाही.

"नवा मानूस पाहाले? येते न मी. पमूनं बी पाह्यलं असतं." आणि कपाटातून चांगलं लुगडं काढून उन्हात टाकलं.

११ मे

रोज येतो आता. बसतोही. खुर्चीत नाही, पायरीवर, माझ्याकडे पाठ करून. आई त्याच्या बाजूनं कपडे वाळत घालायला जाते, तिला दिसत नाही. दोन वर्षं तिला दिसला आणि आता तिचा पदर त्याच्या खांद्यावरून जातो तरी नाही.

"तू कोनाशी बोलून राहिली?"

"कुणाशी नाही. पाठ करतेय, समितीसमोर बोलायचं ते."

"तुले पाठ कराची काय गरज? तू तं पोटातून भांडखोर."

आज सांगणार होते. ती मोगऱ्याच्या कळ्या मोजत बसली होती. नाही सांगितलं. त्यानं पाठ फिरवलेलीच होती.

मला भीती वाटते, दादाची नाही. तो असाच माझ्यापाशी राहील याची वाटते, आणि जाईल याचीही.

२१ मे

रायपूर. सगळं आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी त्यात माझी अक्कल घालीन.

समितीत तिघं. मध्ये एक निवृत्त न्यायाधीश बाई, पांढरे केस, चष्मा साखळीला. स. पहिल्या रांगेत. आईनं त्याला बघितलं आणि मला कोपर मारलं. "हा कावून आला?" तोंड उघडायच्या आत आमचं नाव पुकारलं.

आई उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"अम्मा, राजीनामा आपने अपनी मर्ज़ी से दिया था?"

"मैं कायको देऊंगी?" आई म्हणाली. "मेरे पास कौन सी कुर्सी है? राजीनामा तो इन्होंने दिया."

मागे कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "इन्होंने क्या दिया?"

"राजीनामा. मेरा लड़का उस रोड पे गया ना, तो ये कुर्सी छोड़ दिए. मेरे सामने हाथ जोड़े. मैंने मंज़ूर किया. पूछो इनको."

कुणी विचारलं नाही. स. स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. त्याचा वकील अर्धा उठला, बाईंनी हातानं बसवला. चष्मा काढला. मला म्हणाल्या, "आपके घर में इस्तीफ़े को क्या कहते हैं?"

"राजीनामा," मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, लोक अदालतीच्या फ़ैसल्याला समिती हात लावू शकत नाही, आजच्या घडीला दावा नाही ही गोष्ट खरी. पण माणूस त्या जागेला योग्य आहे का, हे समितीनंच बघायचं आहे. आज जे ऐकलं त्याचा विचार होईल. आणखी सुनावणी होणार नाही. निर्णय कळवू.

बाहेर साहू सर म्हणाले, "माताजी ने जो बोल दिया, वो हम दोनों दस साल में नहीं बोल पाते." आईनं त्यांच्याकडे बघितलंच नाही.

बसमध्ये खिडकीची जागा तिला दिली. कुम्हारी गेलं. कट आला, आणि आज तिनं खिडकीतून वळून, पार मागे जाईपर्यंत बघितलं.

"राजीनामा देल्लेला मानूस तिथं कावून बसला होता, वर्षा?"

मी पिशवीचा बंद सोडला, परत बांधला.

"त्यानं नाही देल्ला न?"

"नाही."

"मंग मी काय देऊन आली?"

सांगितलं. बसमध्येच. सगळं मराठीत, एकही हिंदी शब्द न वापरता. समझोता म्हणजे काय, सही कसली होती, दावा कुठे गेला. मधे एकदा तिनं हात वर केला, थांब म्हणून, आणि मग परत, बोल. कंडक्टर दोनदा आला नि दोनदा परत गेला. आमच्या सुपेल्याला उतरलो तेव्हा ती माझा हात धरून उतरली. दोन वर्षांत कधी धरला नव्हता.

घरी येऊन लुगडं घडी करून ठेवलं. जेवली नाही. ओसरीवर मी बसून राहिले, पायरीवर कुणी आलं नाही.

२२ मे

सकाळी स्वयंपाकघरातून आवाज.

"इस्तिपा."

मग थोडं थांबून, "नाही? मंग कसं? इस्ती... फा."

दारात जाऊन उभी राहिले. आई परातीत कणीक मळत होती, तोंड मागच्या दाराकडे. दारात कुणी नव्हतं. मला कुणी दिसलं नाही.

"हासू नको पमू. सारी जिंदगी गेली इथं, हा शब्दच कोनी सांगतला नाही मले."

मी खोकले. ती दचकली नाही. "बरोबर म्हणून राहिली न मी? इस्तीफा?"

"बरोबर."

"पुढच्या तारखेले असंच म्हणीन. राजीनामा नोको मले, इस्तीफा पायजे. जोरात म्हणीन, त्या मांगं हासणाऱ्यालेबी ऐकू गेलं पायजे." आणि परत मळायला लागली, ओठ हलत होते.

पुढची तारीख नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही. कणीक तिनं मळली. पोळ्या मी लाटल्या.